लोणावळ्याचे दोन गट

१८९७ साली प्लेग लोणावळ्यात शिरला, तेव्हा हे गाव थंड हवेइतकेच रेल्वेसाठीही ओळखले जात होते. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला. त्यानंतर घाटमाथ्यावरच्या या मावळी खेड्यात जीआयपी रेल्वेचा इंजिनांचा कारखाना आला, फिटर-फायरमन आले, त्यांच्या चाळी उठल्या. मुंबईहून पुण्याकडे निघालेली प्रत्येक गाडी घाट चढून इथे दम घेत असे. माणसांची आणि मालाची ये-जा रोजचीच असल्याने मुंबईत सुरू झालेली साथ इथे पोहोचायला फार दिवस लागले नाहीत.

त्या साथीत लोणावळ्यात एक तुलना झाली. तिचे आकडे नंतर लंडनच्या वैज्ञानिक सभांमध्ये वाचले गेले. प्लेगची लस टोचून घेतलेल्या ३२३ जणांपैकी १४ आजारी पडले आणि ७ दगावले. लस न घेतलेल्या ३७७ जणांपैकी ७८ आजारी पडले आणि ५७ दगावले. म्हणजे एका गटात शंभरातले दोन गेले, तर दुसऱ्यात शंभरातले पंधरा. लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावरून मृत्यूंमध्ये ८५.७ टक्के घट झाल्याचे मांडले.

आज कोणत्याही मोठ्या कर्करोग रुग्णालयात दोन उपचारांपैकी कोणता रुग्णाला अधिक जगवतो याचा निवाडा ज्या गणिताने होतो, त्या गणिताचा मूळ प्रश्न लोणावळ्याच्या या चार-सहा आकड्यांत पुरता उभा आहे. उत्तर देण्याची रीत मात्र तेव्हा घडायची होती. ती घडायला साठ-सत्तर वर्षे लागली आणि तिच्या सुरुवातीच्या काही अवघड पायऱ्या मुंबई इलाख्यातल्या प्लेगने चढायला लावल्या.

हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती घेऊन ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये त्यांनी एक पथ्य पाळले होते. टोचलेल्यांची तुलना करायची ती त्याच घरातल्या, तेच पाणी पिणाऱ्या न टोचलेल्यांशी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत तूप तरंगवलेल्या रश्शात त्यांनी जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग निघाला. तिथे १५४ कैदी टोचून घ्यायला पुढे आले. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ मेले, टोचलेल्यांत २ आजारी पडले आणि मृत्यू एकही झाला नाही.

पुण्याची त्या वर्षीची कहाणी मराठी वाचकाला पाठ आहे. फेब्रुवारीत प्लेग अधिकारी रँड आले, घरझडत्या झाल्या, १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या गदारोळात पुण्यालगतच्या खडकी छावणीतही टोचलेल्या-न टोचलेल्यांचा हिशेब मांडला गेला, हे फारसे सांगितले जात नाही. तोफखान्यासोबतच्या एतद्देशीय नोकरचाकरांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या वस्तीत टोचलेले ६७१ होते. त्यांच्यात ३२ रोगी आणि १७ मृत्यू झाले. न टोचलेले ८५९, त्यांच्यात १४३ रोगी आणि ९८ मृत्यू. छावणीत स्वच्छतेचे आणि विलगीकरणाचे नियम सर्वांना सारखेच लागू. त्यामुळे फरक पडला तो त्या नियमांमुळे, असे कोणाला म्हणता येत नव्हते. खडकीच्या आकड्यांची किंमत त्यात आहे.

तरीही हे आकडे डोळे झाकून स्वीकारण्यासारखे नव्हते. पहिली अडचण अशी की टोचून कोण घेतो? साहेबाच्या शब्दावर विश्वास ठेवणारा, नोकरीत टिकून असलेला, थोडा खाऊनपिऊन सुखी माणूस आधी पुढे होतो. अंधाऱ्या खोलीत धान्याच्या पोत्यांशेजारी झोपणारा मागे राहतो. मग टोचलेले वाचले ते लशीमुळे की घरामुळे? हाफकिन यांना ही शंका पुरती कळत होती. १८९८च्या जानेवारीत उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग निघाला तेव्हा कैद्यांना ओळीत बसवून एकाआड एकाला लस टोचण्यात आली. निवड ना कैद्याच्या हाती राहिली, ना डॉक्टरच्या. पुढे टोचलेल्या १४७ जणांत ३ रोगी झाले, मृत्यू नाही. न टोचलेल्या १२७ जणांत १० रोगी आणि ६ मृत्यू. यादृच्छिक वाटणी हा शब्द वैद्यकात रुळायला आणखी पन्नास वर्षे लागायची होती. त्याच्या आधी मुंबईतल्या एका तुरुंगाच्या अंगणात तिची जवळची बहीण वापरली गेली, याची नोंद अधिक ठळकपणे व्हायला हवी.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात याहून काटेकोर प्रयोग झाला. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचायचे, निम्म्यांना नाही. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांतले टोचलेले ७१ होते, त्यांच्यात ८ आजारी पडले आणि ३ गेले. त्याच घरांतल्या न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि २६ गेले. हा शेवटचा आकडा वाचताना आजही थांबावे लागते. तुलना चोख होण्यासाठी कोणीतरी लशीविना राहिले होते, आणि ते त्याच घरातले भाऊ, सुना, लेकरे होती.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ती वेळेची. लोणावळ्यासारख्या उघड्या गावात ३७७ माणसे म्हणजे कोणत्या दिवशीची ३७७? साथ आठवडेच्या आठवडे चालते. आज न टोचलेला माणूस परवा टोचून घेतो. मग परवापर्यंतचे दिवस त्याने एका गटात काढले आणि पुढचे दुसऱ्यात. कोणी गाडी धरून कोकणात निघून जातो. तो जिवंत गेला एवढे माहीत असते, पुढचे कळत नाही. कोणी टोचून घेण्याआधीच मरतो, म्हणून तो आपोआप न टोचलेल्यांच्या नावावर पडतो. टोचलेल्या प्रत्येकाला मात्र टोचून घेण्याच्या दिवसापर्यंत जगणे भागच असते. तेवढे जिवंत दिवस त्याच्या गटाला फुकट मिळतात. आजचे संख्याशास्त्रज्ञ या शेवटच्या दोषाला घाबरून असतात, कारण तो निरुपयोगी औषधालाही गुणकारी ठरवू शकतो. तुरुंगात रोज शिरगणती होते, सुटलेला कैदी त्याच दिवशी यादीतून कमी होतो, म्हणून तिथे निदान रोजची सरासरी संख्या काढता येई. गावात हजेरीपट कोण ठेवणार?

हुबळीत तो ठेवावा लागला. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात होती. ११ मे ते २७ सप्टेंबर १८९८ या काळात सर्जन-कॅप्टन लॉयमान यांच्या देखरेखीखाली तिथे इतक्या मोठ्या प्रमाणावर टोचणी झाली, की अखेरीस न टोचलेली माणसे शोधावी लागावीत. असा गट रोज आटत असताना संपूर्ण साथीचा एकच शेकडा काढणे निरर्थक झाले असते. म्हणून तिथले तक्ते आठवडावार मांडले गेले. या आठवड्यात टोचलेले इतके, न टोचलेले इतके, दोन्हींकडचे मृत्यू इतके. पुढच्या आठवड्यासाठी भाजक नवा. गरजेपोटी केलेली ही व्यवस्था आधुनिक पद्धतीचा गाभा आहे. प्रत्येक क्षणी विचारायचे ते एवढेच: आज धोक्याच्या तोंडावर खरोखर उभे होते किती, आणि त्यातले गेले किती?

१८९८-९९ मध्ये प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली आलेल्या प्लेग कमिशनने या सगळ्या आकड्यांची झडती घेतली. कमिशनमध्ये अल्मरोथ राइट होते. स्वतः विषमज्वराची लस करणारा माणूस, पण दुसऱ्याच्या आकड्यांबाबत दयामाया नाही. निष्कर्ष संयमी निघाला. टोचणीने रोगाचे प्रमाण आणि मृत्यू निश्चित घटतात, पण संरक्षण पूर्ण नाही, आणि किती टक्के घटतात हे छातीठोकपणे सांगावे असे हे आकडे नाहीत. पुढे खुद्द राइट यांच्या विषमज्वराच्या आकड्यांवर १९०४ मध्ये कार्ल पिअरसन यांनी तशीच टीका केली. तेव्हा झालेला वाद वैद्यकीय संख्याशास्त्राच्या इतिहासात गाजलेला आहे.

या कहाणीत पुढचा दुवा ठरले मेजर ग्रीनवुड. मेजर ही पदवी नव्हे, नावच. १९१० मध्ये ते लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये संख्याशास्त्रज्ञ म्हणून लागले आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांत हिंदुस्थानातल्या प्लेगचे आकडे होते. १९१५ मध्ये उडनी यूल यांच्यासह त्यांनी विषमज्वर आणि कॉलऱ्याच्या टोचणीवर लेख लिहिला. टोचलेल्या आणि न टोचलेल्यांची तुलना कधी मान्य करावी, याच्या अटी त्यात घातल्या. दोन्ही गट सर्व बाबतीत शक्य तेवढे सारखे हवेत, दोघांना रोगाची गाठ पडण्याची संधी सारखी हवी, आणि कोण टोचलेला हे ठरवण्याचा रोग होण्या-न होण्याशी संबंध नको. मावळात, खडकीत, हुबळीत जे जे निसटले होते, ते या अटींत नियम होऊन आले. १९२६ मध्ये ग्रीनवुड यांनी कर्करोगाच्या नैसर्गिक कालावधीवर पुस्तिका काढली. उपचाराविना रुग्ण किती काळ जगतो, आणि त्या अंदाजात चूक किती असू शकते, हे मोजण्याचे एक सूत्र त्यांनी तिथे दिले. ते सूत्र आजही रोज वापरले जाते.

मग १९५८. अमेरिकेत एडवर्ड कॅप्लन टेलिफोनच्या समुद्रतळाच्या तारांमधल्या निर्वात नळ्या किती काळ टिकतात ते पाहत होते. पॉल मायर कर्करोगाच्या रुग्णांचे आयुर्मान पाहत होते. दोघांनी एकाच नियतकालिकाकडे स्वतंत्र लेख पाठवले आणि संपादकांनी त्यांना एकत्र लिहायला लावले. कॅप्लन–मायर पद्धतीत प्रत्येक मृत्यूच्या दिवशी हिशेब थांबवून पाहतात. त्या दिवशी नजरेखाली असलेल्यांपैकी किती वाचले तो अपूर्णांक काढतात आणि आधीच्या अपूर्णांकांशी त्याचा गुणाकार करतात. मधेच निघून गेलेला माणूस गेला त्या दिवसापर्यंत मोजला जातो आणि नंतर भाजकातून वगळला जातो. त्याला मेलेला धरत नाहीत, शेवटपर्यंत जगलेलाही धरत नाहीत. कागदावर जी रेष उतरते ती लोहगडाच्या पायऱ्यांसारखी, कुठे रुंद तर कुठे एकदम खाली.

एका गटाची एक रेष, दुसऱ्याची दुसरी. दोन रेषांमधले अंतर खरे की योगायोगाचे, हे ठरवण्याची कसोटी १९६६ मध्ये नेथन मँटेल यांनी मांडली. १९७२ मध्ये रिचर्ड आणि ज्युलियन पिटो यांनी तिला लॉग-रँक हे नाव दिले. तिचा विचार लोणावळ्याच्या आकड्यांवरच समजून घेता येतो. दोन्ही गट मिळून ७०० माणसे, मृत्यू ६४. लशीचा काहीच परिणाम नसता तर हे मृत्यू गटांच्या आकाराप्रमाणे वाटले गेले असते. टोचलेल्या ३२३ जणांच्या वाट्याला साधारण साडेएकोणतीस आले असते. आले फक्त ७. न टोचलेल्यांच्या वाट्याला साडेचौतीस यायला हवे होते, आले ५७. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता लाखात एकाहूनही कितीतरी कमी आहे. लॉग-रँक हाच हिशेब साथीच्या अखेरीस एकदा न करता प्रत्येक मृत्यूच्या दिवशी नव्याने करते, त्या दिवशी हजर असलेल्यांच्या संख्येवर, आणि मग सगळ्या दिवसांचे फरक एकत्र करते. हुबळीचा आठवडावार तक्ता जिथे थांबला होता तिथून ती पुढे जाते.

इथे सावधपणाही हवा. प्लेग एकेकट्या माणसाला गाठत नाही. उंदीर मरून पडलेल्या घरात तो घरालाच गाठतो. हे कसे घडते ते फ्रेंच संशोधक सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरांवरच्या पिसवांमधून दाखवले. एका घरातले चार मृत्यू म्हणजे चार स्वतंत्र साक्षी नव्हेत, म्हणून ती लाखातली शक्यता जरा वाढवूनच वाचायला हवी. शिवाय लशीचे बळ टोचल्या क्षणी येत नाही. पहिल्या काही दिवसांत दोन्ही गट जवळजवळ सारखेच असुरक्षित असतात, फरक नंतर पडतो. दोन्ही गटांतल्या धोक्यांचे गुणोत्तर सर्व काळ एकसारखे असेल तेव्हा लॉग-रँक सर्वांत धारदार असते. तसे नसेल तर ती बोथट होते. लोणावळ्याच्या सारांश-तक्त्यात मृत्यूंची संख्या आहे, तारखा नाहीत, म्हणून त्यावरून पायऱ्यांची रेष काढता येत नाही.

१९७२ मध्येच डेव्हिड कॉक्स यांनी वय, लिंग, रोगाची अवस्था अशा गोष्टींचा एकाच वेळी हिशेब घेणारे प्रतिमान रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडले आणि हे शास्त्र जगभर पसरले. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात जयंत देशपांडे यांनी आयुष्यकाळाच्या चाचण्यांवर मूलभूत काम केले. त्यांनी आणि सुधा पुरोहित यांनी मिळून आयुष्यकाळाच्या आकडेवारीवर लिहिलेले पाठ्यपुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते विद्यापीठ आज प्लेगच्या त्याच साथीत गेलेल्या सावित्रीबाईंचे नाव लावते.

महाराष्ट्रात या पद्धतींची कसोटी ग्रामीण भागातही लागली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते घरोघर जात, गाठ, अंगावरून जाणे, न भरणारी जखम यांबद्दल बोलत. हाफकिन यांच्या काळी बहुतेक गावांत नसलेला हजेरीपट इथे माणसांच्या पायपिटीने तयार झाला. त्याच्या आधारावर उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने, सुरेंद्र शास्त्री, कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नोंद केली. गावांचे ५२ गट पाडून ते यदृच्छेने चार विभागांत वाटले. एका विभागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीची सेवा.

इथे एक सापळा होता. आजार लवकर सापडलेली बाई निदानानंतर जास्त वर्षे जगलेली दिसते, मृत्यूची तारीख तीच असली तरी. अठ्ठावन्नाव्या वर्षी जायची असलेली स्त्री सत्तावन्नाव्या वर्षी सापडली तर एक वर्ष जगली असे दिसते, त्रेपन्नाव्या वर्षी सापडली तर पाच. म्हणून निदानापासूनचे आयुष्य न मोजता नोंदणीच्या दिवसापासूनचे प्रत्येक स्त्रीचे वर्ष मोजले गेले. आठ वर्षांनंतर एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये या रोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर नेहमीच्या सेवेतल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. दर लाख व्यक्ति-वर्षांमागे १२.७ विरुद्ध २५.८. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हा निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि गरीब देशांच्या तपासणी धोरणांत वापरला गेला. न तपासलेल्या विभागातल्या त्या ६४ जणींबद्दल नंतर नैतिक प्रश्न उठले, आणि ते उठणे योग्यच होते.

मिश्री-तंबाखूच्या महाराष्ट्रात तोंडाचा कर्करोग घरोघरी ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक जुना वाद चाचणीला लावला. तोंडातला रोग लहान असताना, मानेत गाठ हाताला लागत नसताना, मानेतल्या लसिकाग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की थांबून गाठ उठली तरच काढाव्यात? पहिला मार्ग खांद्याला आणि मानेला त्रास देतो, दुसरा धोका पत्करतो. शल्यविशारद अनेक दशके आपापल्या मतावर ठाम होते. रुग्ण दूरदूरच्या गावांतून येत, काही मधेच येईनासे होत. कॅप्लन–मायरच्या रेषेत तेही त्यांच्या शेवटच्या भेटीपर्यंत मोजले गेले.

पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब झाला तेव्हा पाठपुराव्याचा मध्यक ३९ महिने होता. आधीच ग्रंथी काढलेल्या २४५ जणांत ५० मृत्यू, थांबलेल्या २५५ जणांत ७९. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८०.० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. मृत्यूच्या धोक्याचे गुणोत्तर ०.६४ आले. चाचणीत ७१० रुग्ण घ्यायचे ठरले होते. मधल्या तपासणीत रेषा इतक्या दूर गेलेल्या दिसल्या की देखरेख समितीने भरती थांबवायला सांगितले आणि २०१४ मध्ये ती ५९६ वर थांबली. पुढच्या वर्षी निकाल छापून आला.